खरडच्या बसमधलं सर्किट

चंदीगड, मार्च १९८८

प्रिय अविनाश,

तुझं जोरहाटहून आलेलं पत्र मिळालं. चित्राची परीक्षा झाली की आम्ही दोघींनी पुण्याला आईंकडे जाऊन राहावं, हे तू पुन्हा लिहिलं आहेस. उत्तर लिहायला बसते आणि उठते. मघाशी दूध गॅसवर ठेवून विसरले. चित्रा म्हणाली, "मम्मा, आप सुनती ही नहीं हो." तिला 'मराठीत बोल' म्हणायचंही सुचलं नाही. तेव्हा आता काय झालं ते सुरुवातीपासून सांगते.

हरकीरत आठवते ना? प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी, दिवाळीत तू केलेल्या वाकड्यातिकड्या चकल्यांना हसलेली. आम्ही दोघी हॉस्पिटलसाठी ट्रान्सीव्हर, म्हणजे पाठवणारं आणि ऐकणारं यंत्र, बनवत होतो. अतिदक्षता विभागातल्या खाटेपासून इमारतीच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांपर्यंत हृदयाचे ठोके तारेनं न्यायचे, आणि त्याच तारेनं तिकडून मशीनला सूचना पाठवायच्या. त्या एका तारेत खरं तर दोन तारा. एकीवर व्होल्टेज चढलं की दुसरीवर तेवढंच उतरतं. पलीकडचं सर्किट फक्त दोघींतला फरक वाचतं. वाटेत लिफ्टची, जनरेटरची खरखर शिरली तरी दोन्ही तारांवर सारखीच बसते आणि वजाबाकीत निघून जाते. अडचण एकच होती. पाठवणं थांबवून ऐकायला वळताना तारांची मधली पातळी, म्हणजे दोघींच्या व्होल्टेजची सरासरी, घसरायची आणि ती जागेवर येईपर्यंत एखादा ठोका हरवायचा. चांगल्या चालत्या हृदयाचा ठोका चुकला असं दिसायचं. असं यंत्र कोण कुणाच्या उशाशी लावेल?

जानेवारीत अतिरेक्यांच्या धरपकडीत हरकीरतच्या धाकट्या भावाला पोलीस खरडच्या घरातून घेऊन गेले. कॉलेजात शिकणारा मुलगा. कुठे ठेवलाय, कशासाठी, कुणी सांगेना. चार दिवसांनी आमच्या गेटवर तिचा पास काढून घेतला. चौकशी संपेपर्यंत येऊ नका, म्हणाले. ती वाद न घालता परत बसस्टँडकडे चालत गेली. मी खिडकीतून बघत होते. त्यानंतर कँटीनमध्ये तिचं नावच कुणी काढेना. काढलंच तर आवाज खाली करून. खालच्या मजल्यावरच्या सरोजताईंनी मला बजावलं, "तुझा नवरा एअरफोर्समध्ये आहे, तू लांब राहा बाई."

राहिले असते कदाचित. पण पाठवणाऱ्या भागाचं सगळं डिझाइन हरकीरतचं. मी महिनाभर झटले आणि पातळी काही स्थिर होईना. हॉस्पिटल चाचणीची तारीख मागत होतं. शेवटी एका शनिवारी दुपारी सर्किट, बॅटरी आणि सोल्डरिंग आयर्न कापडी पिशवीत घातली, सेक्टर १७ मधून खरडची बस पकडली.

मोहालीच्या पुढे पोलिसांचा नाका होता. सगळ्यांना खाली उतरवलं. शिपायानं माझ्या पिशवीत हात घातला आणि तसाच थिजला. "बीबी, ए की है?" तारा, बॅटरी, उघडे ट्रान्झिस्टर. रेडिओत दडवलेल्या ट्रान्झिस्टर बॉम्बच्या बातम्या वाचलेलं कुणीही तेच समजलं असतं. माणसं शेतात पळाली. एका बाईनं आपलं बाळ पोटाशी घेऊन माझ्याकडे असं पाहिलं, अविनाश, की मी अजून ती नजर विसरू शकत नाही. मला हात वर करून उभं केलं होतं. माझं ओळखपत्र बघून इन्स्पेक्टर म्हणाला, "मॅडम, ये बनाया किसने?"

"आधा मैंने," मी म्हटलं.

"और आधा?"

तिचं नाव घेतलं तर त्या घरावर आणखी काय येईल कळत नव्हतं. घेतलं नाही तर चोरून काहीतरी चाललंय असंच ठरलं असतं. मी नाव सांगितलं. त्यानं मला जीपमध्ये बसवलं आणि जीप थेट हरकीरतच्या दारात नेली.

तिची आई, बीजी, पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. जीप पाहून उंबऱ्यातच बसल्या. मुलाबद्दल एवढंच विचारलं, "मिल गया मेरा मुंडा?" इन्स्पेक्टरनं मान फिरवली. "नहीं माताजी, किसी और काम से आए हैं." ही जीप त्यांच्या दारात मी आणली होती.

हरकीरतनं त्याला सगळं समजावून सांगितलं, शांतपणे, वर्गात सांगावं तसं. नावं लिहून घेऊन, ऑफिसला कळवतो म्हणून तो गेला. मला वाटलं, ती आता मला घालवून देईल. तिनं खाट अंगणात ओढली, मीटर आणला. "सुनेत्रा, हम ड्रायव्हर को पूरा सुला देते हैं, इसीलिए तो लेव्हल लटकता है. कुछ जागता रहना चाहिए." ड्रायव्हर, म्हणजे सिग्नल पाठवणारा भाग, झोपला तरी मधली पातळी मोजत आणि सावरत राहणारी एक छोटी शाखा तिनं तिथेच जोडली. हात तिचे स्थिर होते. बीजी आमच्याजवळ चहा ठेवून गेल्या.

सोमवारी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर मधल्या पातळीची रेघ सरळ. परवा हॉस्पिटलमध्ये चाचणी झाली. जनरेटर मुद्दाम चालूबंद केला. एकही ठोका हरवला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला नुसता राग येत होता.

कारण पोलिसांचं पत्र ऑफिसात आलंय आणि काल मला समितीपुढे बोलावलं होतं. डिझाइन एकट्या माझं, खरडला खाजगी कामानं चालले होते, एवढं लिहून दिलं की प्रकरण मिटेल, असं साहेबांनी आधीच सुचवलं होतं. मी लिहिलं की डिझाइन हरकीरत कौरचं आणि माझं, दोष तिनं काढला, मी तिच्या घरी कामासाठीच गेले होते, आणि तिला परत घ्यावं. सही करून आले. आता माझी चौकशी होईल. तुझ्या युनिटकडेही विचारणा जाईल, ती पोचायच्या आत तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिते आहे. बायकोनं मला विचारलं नाही असं तू सांगितलंस तरी ते खरंच आहे, खुशाल सांग. हरकीरतच्या भावाचा अजून पत्ता नाही. हरकीरतला परत घेण्याचा निकाल लागेपर्यंत मी पुण्याला जाणार नाही. तुला आधी विचारलं असतं तर काळजीपोटी तू नको म्हणाला असतास आणि मला तुझा शब्द मोडून तेच करावं लागलं असतं. ते मला नको होतं.

तुझ्या उत्तराच्या धास्तीत, तरी तुझीच,
सुनेत्रा