अप्पांनी न घेतलेलं नाव

लिस्बन, १२ ऑक्टोबर २०२४

चि. शंभुराज यास,
अ. उ. आ.

फोनवर आपण दोघंही गप्प होतो, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. अप्पांना वाचून दाखव.

बाळ दूध पितंय. मीही बरी आहे, असं सगळे म्हणतात. आई गेली तेव्हा मी इथे दवाखान्यात होते. रडू आलं नाही, अजूनही येत नाही.

अप्पांचा निरोप मिळाला, की आजी गेल्यावर पहिल्या नातीला तिचंच नाव लागतं, तेव्हा उमाच ठेवा. शंभू, इथल्या भाषेत उमा म्हणजे नुसतं 'एक'. एक बाटली द्या, एक सही करा, दिवसभर दुकानात, कचेरीत तेच. शेजारची जपानी बाई म्हणते, त्यांच्यात उमा म्हणजे घोडा. आमच्या यांच्यासोबत काम करणारा केनियाचा माणूस म्हणतो, जेवायचा काटा. मी आईचं नाव उठता बसता ऐकते आणि मला काहीच होत नाही. लेकीला हाक मारतानाही तसंच झालं तर? मला भीती वाटते. भक्ती ठेवू या, अप्पांना समजाव.

तुझी अक्का,
महेश्वरी


वालूर, १४ ऑक्टोबर २०२४

ति. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. अप्पांचं म्हणणं, घोडा लय गुणाचं जनावर हाय, त्यात वाईट काय? काट्यावर काही बोलले नाहीत.

अक्का, आपल्या घरात आईचं नाव कुणी घेतलेलं तुला आठवतं का? आजीची ती सूनबाई, गल्लीची शंभूची आई आणि अप्पांची 'ऐकलं का'. आईला माती देताना स्वामींनी नाव विचारलं, तर अप्पा नुसते उभे. शेवटी मी सांगितलं.

आता नातीच्या कानात नाव मीच सांगणार म्हणतात. काल दुकानाच्या मागच्या खोलीत एकटेच पुटपुटत होते. मला बघून पोती मोजायला लागले. सराव करायलेत गं. तरी तू ठरवशील तेच ठेवू, रागावणार नाही.

तुझा,
शंभुराज


लिस्बन, २० ऑक्टोबर २०२४

चि. शंभूस,
अ. उ. आ.

नाव सांगताना अप्पांनी तुला खोलीबाहेर काढलं, म्हणून काय झालं ते लिहिते. भक्ती ठेवणार हे सांगायलाच मी फोन लावला होता. पण ते नवं धोतर नेसून, कपाळाला भस्म लावून बसलेले दिसले आणि माझ्याच्यानं बोलवेना. फोन बाळाच्या कानाशी धरला.

अप्पांनी फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाले, उमा. आवाज त्यांचा वाटलाच नाही. पुन्हा एकदा म्हणाले. आणि मग हळूच विचारलं, की जेवलीस का. आईला त्यांनी असं कधी विचारल्याचं मला आठवत नाही. ताट वाढून तीच उभी असायची.

मग मला रडू आलं रे, आई गेल्यापासून पहिल्यांदाच. माझ्या आवाजानं बाळही दचकून रडायला लागलं. तिला उचलून घेतलं, आणि उमा, उमा म्हणत मीच तिला गप्प केलं.

अप्पांना वेळेवर जेवायला घाल आणि समोर बसत जा. तुझी आमच्यावर माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी अक्का,
महेश्वरी