लवूच्या नावापुढच्या तीन खुणा

मुलुंड, ४ ऑगस्ट १९८७

चि. लवू यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पाच महिने पत्र नाही, माफ कर. मी कारखान्याच्या ऑफिसात आणि तू कारखान्याविरुद्ध कोर्टात; काय लिहावं कळेना.

निकालाची प्रत आज आली. दोनदा वाचली. कँटीनच्या आचाऱ्याला टायफॉइडची सुई सक्तीची करणं घटनेविरुद्ध नाही, असं कोर्ट म्हणतं. तुझं शरीर तुझं, हे त्यांनी मानलं. पण सातशे माणसं तुझ्या हातचं जेवतात, त्यांचाही विचार हवा. मला हे पटतं, हेही लिहून टाकते. पुढचं मात्र घशाखाली उतरत नाही. सुईने ज्याला खरोखर अपाय होतो त्याला दुसरं काम द्यावं, असंही कोर्टच म्हणतं. पण अर्जदाराने त्र्याऐंशी ते पंच्याऐंशी तीन वर्षं बिनतक्रार सुई घेतल्याचं रजिस्टर सांगतं. म्हणून त्याची तक्रार खोटी, बडतर्फी कायम.

ब्याऐंशीत सुईनंतर तुझा गळा सुजून श्वास अडकला, तेव्हा उशाशी मी होते. पुढे तिन्ही वर्षं रजिस्टरात तुझ्या नावापुढे सुई घेतल्याची खूण करून तुला रांगेतून सोडवलं तेही मीच. शहाऐंशीत नवा डॉक्टर येईल, स्वतः समोर उभा राहून टोचायला लावेल आणि तू नाही म्हटलंस की नोकरीच जाईल, हे सुचलं नाही.

राग धर, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
रत्नप्रभा

कांदिवली, ९ ऑगस्ट

ती. ताईस लवूचा नमस्कार.

काय गो ताई, निकाल मला समजावतेस? कोर्टात मीच होतो उभा. तुझं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं तिथे: रजिस्टर माझ्यासमोर भरलं जातं, त्यात चूक नाही. सही झकास आलीय तुझी. वकील माझ्या कानाशी लागून विचारत होता, ह्या खुणा कुणाच्या. मी म्हटलं, माहीत नाही. एवढा गाढव तुझा भाऊ.

आता वाट लागलीच आहे. पण अपिलाला तीस दिवस आहेत. खुणा माझ्या, लवूने सुई घेतलीच नाही, एवढं लिहून तीन सप्टेंबरला वकिलाकडे येऊन सही कर. मी सध्या पूजा-बारशांच्या ऑर्डरीत पुऱ्या तळतो. तिथे सुईचं कुणी विचारत नाही, आणि खाऊन कुणी मेलंही नाही अजून.

लोभ किती आहे ते तीन तारखेला कळेल.

लवू

कांदिवली, ५ सप्टेंबर

ती. वन्संना मालनचा नमस्कार.

परवा वकिलांकडे आम्ही दहापासून बसलो होतो. ह्यांनी तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. कुणी बसायला आलं की म्हणत, ताई येतेय. पाच वाजता वकील म्हणाले, आता उठा. वाटेत हे मला म्हणाले, ताईला ताप आला असेल, तू काही लिहू नकोस. म्हणूनच लिहिते आहे. ताप आला होता का, एवढंच कळवा. पोरांना सांगितलंय, आत्या गावी गेली.

लोभाबद्दल ह्यांनाच विचारा, माझ्यापाशी शिल्लक नाही.

मालन

मुलुंड, २१ सप्टेंबर

चि. सौ. मालन हिस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, क्षमा कर. ताप नव्हता.

कागद मी दोन तारखेलाच लिहून ठेवला होता. पण ज्यांचं मीठ खाते त्यांच्या पाठीमागे काही करू नये, म्हणून आधी मॅनेजरांना दाखवला. ते शांतपणे म्हणाले, खुशाल द्या. भाऊ सुटेल की नाही सांगता येत नाही, खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल तुम्ही मात्र नक्की आत जाल. मग त्यांनी चहा मागवला. मी तो प्यायले. घरी येऊन कागद फाडला. अनुपमाचं लग्न ठरतंय, असं कारण वहीत लिहून पाहिलं. मुलीच्या नावावर घालायला लाज वाटली. मी भ्याले, एवढंच खरं.

लवूला हे सांगायचं की तापाचं सांगायचं, ते तू ठरव. हेही मी तुझ्यावरच टाकते आहे, कळतं मला. पोरांसाठी मात्र आत्या गावीच असू दे.

लोभ मागायचा हक्क गेला, तरी मागते.

रत्नप्रभा

ता. क. तुझ्यापासून आता लपवत नाही. उद्याचं काम: लवूच्या जागी घेतलेल्या आचाऱ्याचं नेमणूकपत्र टाइप करणे.