मुळं सकाळी कापायची असतात

१२ जून

चि. बटण हिला मावशीचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालवून घेते. नवा चष्मा लागलाय. सुईत दोरा ओवता येतो, एवढं पुरे.

लेकीला सुट्टीत माझ्याकडे जीवशास्त्र शिकायला पाठवते म्हणालीस. ‘मावशी, तुझ्यासारखं कोणी शिकवत नाही’ हे वाचून आधी हुरळले. मग उजळणीला बसले आणि तोंडचं पाणी पळालं.

पेशीविभाजन आठवतं? नववीचा वर्ग, शेवटचा तास, सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची मुळं. मी भिंतीवरचा तक्ता दाखवला, सगळ्यांनी तो मुकाट्यानं वहीत उतरवला. तू मात्र नुसते चौकोन काढलेस, आत एकेक ठिपका, आणि खाली लिहिलंस, ‘एकही पेशी विभागताना दिसली नाही.’ मी भरवर्गात ओरडले, “डोळे आहेत की बटणं?” वर्गात तू बटण झालीस, मग घरातही. पुढे विज्ञान सोडलंस. ताईनं कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, “तिचं निरीक्षण कच्चं आहे.”

अगं, त्या भिंगाखाली मलाही कधी काही दिसलं नव्हतं. सत्तावीस वर्षांत एकदाही. कबूल केलं तर बाईंची अब्रू जाईल, म्हणून तो तक्ता.

गेल्या आठवड्यात शाळेतला जुना सूक्ष्मदर्शक मागून आणला. दुपारी मुळं कापली, शून्य. मग पुस्तकातली तळटीप वाचली: मुळं सकाळी कापावीत, तेव्हा जास्त पेशी विभागत असतात. आणि आपला तास चारचा! काल सकाळी कापली, रंगवली, काचेखाली अंगठ्यानं दाबली. आणि दिसलं गं! एका पेशीत गुणसूत्रांचा गुंता, जाड दोऱ्यांचा. शेजारच्या पेशीत तेच दोरे मधोमध रांग धरून उभे. प्रत्येक दोरा दुहेरी असतो म्हणतात. ते मला दिसलं नाही, म्हणून लिहीत नाही.

आनंदानं तुलाच हाक मारायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. तू होतं तेच काढलं होतंस. लाज वाटते गं मला, फार लाज वाटते.

लेकीला पाठवायचं की नाही, ते आता ठरव. पाठवलीस तर पहिल्याच दिवशी तिला हे सगळं सांगेन. नाही पाठवलीस तरी तुझं काही चुकणार नाही.

वर सवयीनं ‘बटण’ लिहून गेले. यापुढे तुला तुझ्या नावानं हाक मारीन. हे नाव ज्याचं त्याला परत.

तुझी,
बटण