आडवा चमचा, डावा पुठ्ठा

बिलिंग्ज, मोंटाना
४ मे १९७९

चि. कोरास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या जुन्या रँचचे संग्रहालय होऊन सहा वर्षे झाली. मी तिथे पाऊल टाकलेले नाही. आता त्यांना आपल्या घराण्याचा डागही हवा आहे, वासरांच्या अंगावर उमटवायचा तो आडवा चमचा. डागाच्या सरकारी नोंदीची मुदत महिनाअखेर संपते. तो त्यांच्या नावे करण्याच्या कागदावर सही करावी की नाही, या विचाराने मला घास गोड लागत नाही. शनिवारी तू जा. आडनाव न सांगता पाहुणी म्हणून हिंड आणि ती माणसे आपला डाग सांभाळतील का, एवढे कळव. नेहमीसारखी पुस्तकात तोंड लपवू नकोस, ते घरी ठेवून जा.

तुझी आत्या,
अल्थिया

बोझमन
१३ मे १९७९

ती. अल्थियाआत्यास,
साष्टांग नमस्कार.

काल जाऊन आले. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. तुझ्या खोलीच्या दारात मखमली दोर बांधला आहे. मी तिथवर तीनदा गेले, तीनदा परतले. स्वयंपाकघर इतके लख्ख, की तिथे कधी पाव करपला असेल असे वाटत नाही.

दुपारी पाहुण्यांसमोर वासरू डागले. व्यवस्थापक फेल्प्स यांनी तापलेले लोखंड उजव्या बरगडीवर टेकवले. आत्या, आपली नोंद डाव्या पुठ्ठ्याची, मागच्या मांडीच्या वरची! उजव्या बरगडीवरचा आडवा चमचा नदीपलीकडच्या हॅनराटींचा. म्हणजे कायद्याने ते वासरू त्यांचे झाले. लहान आवाजात का होईना, मी ते बोलले. फेल्प्स हसून म्हणाले, की बाईसाहेब, वासराला डावे-उजवे कुठे कळते? त्यावर कुंपणावर बसलेला म्हातारा गुराखी म्हणाला, की वासराला नसेल कळत, चोराला बरोबर कळते. फेल्प्स ओशाळले. त्यांनी नाव विचारले आणि मी, तुझी आज्ञा मोडून, आडनावासकट सांगितले. मग त्यांनी दुसरे वासरू आणवून जागा मलाच दाखवायला लावली. जागा चुकली नाही.

माणसे वाईट नाहीत, अजाण आहेत. सही कर म्हणवत नाही, नको म्हणवत नाही. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
कोरा

बिलिंग्ज
१९ मे १९७९

चि. कोरास,
अनेक आशीर्वाद.

आडनाव सांगितलेस हे वाचून आधी भडकले, मग घरभर फेऱ्या मारल्या. त्यातच हॅनराटीने फोन करून, आमचे नवे वासरू फार गोड आहे हो, असे मला चिडवले.

डाग मी संग्रहालयाला देत नाही. कागदावर तुझे नाव घातले आहे. त्यांनी वासरे खुशाल डागावीत, पण तुला विचारून, तुझ्यादेखत. फेल्प्सनी हे कबूल केले आहे. वर, त्या मुलीचा आवाज लहान असला तरी ऐकू येतो, असेही म्हणाले.

आता तुझी सही तेवढी हवी. सोमवारी ये. लाज वाटते ही सबब चालणार नाही. या म्हातारीवरचा जीव आहे तसाच राहू दे.

तुझी,
अल्थियाआत्या