प्रसादानंतरची चूळ

प्रिय मुग्धा,

झाशीतल्याच नगरा भागात राहणाऱ्या मुलीला झाशीतूनच पत्र लिहितोय म्हणून तुझी आई हसतेय. हसू दे. फोनवर तू विषय बदलतेस, कागदावर मला कुणी मध्येच तोडत नाही.

आधी बातमी. काल देवळात दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. संध्याकाळच्या आरतीची अठरा मुलं त्यांनी तपासली. गेल्या वर्षी त्यातल्या अकरा जणांचे दात किडलेले होते. या वर्षी एकाच्याही तोंडात नवी कीड नाही. बाई म्हणाल्या, पंडितजी, आपने तो कमाल कर दिया. मी चेहरा गंभीर ठेवला, पण आतून नाचत होतो.

तुला आठवतं, तुझी श्रेया तीन वर्षांची असताना तिला आमच्या भरवशावर सोडून तू कामाला जायचीस. दिवसाच्या पाच आरत्या, प्रत्येकीला खडीसाखर, तीही ती गालात धरून बसायची. प्रसादावर चूळ भरायची नाही, हे मीच तिला शिकवलं. दुधाचे दात काय, पडणारच आहेत, असंही वर म्हणालो. चार दात किडले, एक काढावा लागला. दवाखान्यात ती आत रडत होती आणि मी बाहेर जप करत होतो. दुसऱ्या दिवसापासून तिला पाळणाघरात ठेवलंस, आणि या घरावरचा तुझा विश्वास गेला तो गेलाच.

मग मी हट्टाला पेटलो. खडीसाखर बंद. प्रसादाला जवळच्या बरुआसागरची काकडी, पेरू, खोबऱ्याचा तुकडा, आणि नंतर नळावर जाऊन चूळ. रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही नाही, अशी मुलांकडून देवासमोर शपथ वदवून घेतली. कुसुमावतीकाकूंनी धर्म बुडाला म्हणून आठ दिवस देऊळ सोडलं. मी निरोप धाडला, पोटात गेलं ते देवाचं, दातात अडकलं ते काढायला त्याची हरकत नसावी. नवव्या दिवशी आल्या, नातवाला घेऊन.

आता खरं सांगतो. सोमवारी तू पुन्हा कामावर रुजू होतेस आणि धाकट्या पार्थचंही नाव पाळणाघरात घातलंयस, हे कळलं. त्याला पहिला दात आलाय. तो रोज कसा पुसायचा, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच का घ्यायची, दुधाची बाटली तोंडात ठेवून का झोपवायचं नाही, सगळं बाईंकडून शिकलोय. श्रेयाच्या बाबतीत माझं चुकलं, मुग्धा. हे तोंडाने सांगायला दोन वर्षं धीर झाला नाही. सोमवारी सकाळी मी तुझ्या दारात उभा असेन. पार्थला माझ्याकडे दे.

तुझाच,
बाबा