अडलेलं दूध

माघ वद्य २, शके १८५९

सकाळपासून दोन चोळ्या बदलल्या, दोन्ही भिजल्या. काल बारशाला बाळ थोरल्या जाऊबाईंच्या ओटीत घातलं. द्वारकाबाईंना दहा वर्षांत मूल नाही, म्हणून माझा पहिला मुलगा त्यांचा — मी पाच महिन्यांची होते तेव्हाच सासूबाईंनी ठरवलं. ह्यांनी मान डोलावली. मला कोणी विचारलं नाही.

छाती दगडासारखी झाली आहे.

वद्य ३

सासूबाई म्हणतात, "पाजू नको, मंग आपोआप आटतं." धोतऱ्याची पानं गरम करून बांधली. पलीकडच्या खोलीत बाळ शेळीच्या दुधाला तोंड फिरवून रडतंय. रडणं कानावर आलं की दूध वाहायला लागतं. दार लावलं तरी.

वद्य ५

अंगात हुडहुडी. डावी बाजू लाल, हात लावू देत नाही. साळूबाई सुईण आल्ती. दाबून म्हणाली, "दूध अडून गाठ धरलीय, दुसरं काई न्हाई. लेकराला लावा, दोन दिसात उतरतंय."

"लेकरू लावलं की माया लागती," सासूबाई म्हणाल्या, अन् तिला वाटेला लावलं.

माया लागायची राहिली आहे जणू!

वद्य ६

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या — शेका, बाळाला पाजा, नाहीतर पू होऊन चिरावं लागेल. हे शेजारी उभे राहून सगळं ऐकत होते. टांग्यात म्हणाले, "घरी सांगू नको. उगाच वाद." घरी ह्यांनी सासूबाईंना सांगितलं, औषध दिलंय.

वद्य ७

पिळून काढते. मोरीत ओतते. पलीकडे बाळ शेळीचं दूध ओकतंय.

वद्य ८

दुपारी सासूबाई देवळात गेल्या. द्वारकाबाई बाळाला घेऊन आत आल्या, कडी लावली. "घे," म्हणाल्या. बाळानं धरलं तशी कळ मस्तकात गेली. मग हळूहळू गाठ सैल झाली. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"माझ्यापाशी निजत न्हाई गं. नुसतं हुंगत राहतं."

मला त्यांची दया आली नाही. खरं ते लिहिते.

वद्य ११

ताप उतरला. रोज दुपारी पाजते. सासूबाई सगळ्या मस्तगड मोहल्ल्यात सांगून राह्यल्या — धोतऱ्याचा गुण.

वद्य १३

टेंभुर्णी. बाळाला घेऊन माहेरी आले. माझ्या भावाला, रामकिसनला, द्वारकाबाईंनीच निरोप धाडला होता. गाडीत बसताना म्हणाल्या, "घरात मी सांगते, लेकरू मीच परत दिलं म्हणून."

वाटेत रामकिसन म्हणाला, "आता तुझ्या थोरल्या दिराला दुसरी बायको करतेत बघ. द्वारकाबाईनंच सांगितलं मला."

मी निघताना त्यांच्या पायासुद्धा पडले नाही.