आये, बारकी गाय व्याली!

प्रिय आये,

हातांना अजून चिकाचा वास येतोय आणि मी लिहायला बसलेय. दमच निघेना! आज सकाळी आपल्या तळवलीच्या गोठ्यात कालवड झाली. तू गेल्यावर पहिल्यांदाच! ही बातमी तुला नाही तर कुणाला सांगू?

थांब, आधी रागावून घे. लक्ष्मी आता आपल्याकडे नाही. तुझी ती आडदांड, एचएफ जातीची गाय, जिच्या पाठीवर हात पोचावा म्हणून तू टाचा उंचावायचीस! "गाय कशी? दारान मावली नाय पायजे!" असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचीस. पण आये, ती खरंच मावत नव्हती गं! पत्र्याखाली उन्हाळाभर धापा टाकायची. शेतं गेली, चारा सगळा टेम्पोने विकत यायचा आणि बराचसा तिच्याच पोटात जायचा. वळताना भिंतीला घासून तिला जखम झाली, तेव्हाही तू म्हणालीस, "भिंत तोरून टाका." गाय बदलावी, असं एकदाही मनात आलं नाही का तुझ्या?

साताऱ्याकडच्या एका दूधवाल्याने तिला नेली. त्याचा गोठा मोकळा आहे, झाडांखाली. मी स्वतः जाऊन पाहून आले. तरी तिला टेम्पोत चढवल्यावर तुझा राकेश, माझा दादा, दोन दिवस माझ्या हातचं जेवला नाही.

तिच्या जागी मी दोन जर्सी गाई आणल्या, अंगाने बारक्या. दादा बघतच राहिला. "या गाई हान का बकऱ्या? आयेला काय वाटंल?"

"आधी गोठा बघ, चारा बघ, मग गाय बघ," मी म्हटलं. बोलले ठसक्यात, पण आत जाऊन रडले. हे भांडण तुझ्याशी व्हायला हवं होतं ना गं! का नाही थांबलीस?

त्यातली तांबू गाभण होती. आणल्यावर कळलं, रेतन कोणत्या वळूचं ते विकणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. एचएफचं असलं तर? एवढ्याशा गाईच्या पोटात थोराड वासरू! ते अडकलं तर दोघंही जायची. डॉक्टरांनी तपासलं, पण वासरू केवढं ते त्यांनाही सांगता येईना. दादा रोज तिच्या पोटाकडे बघायचा आणि मला म्हणायचा, "हिला काय झालं तर तुझ्यामुलं."

आज सकाळी मी दुसरीचं दूध काढत होते, तेवढ्यात तांबू खाली बसली. पाणमोट फुटली, पुढचे खूर दिसले आणि सगळं तिथेच थांबलं. डॉक्टरांना फोन केला तर ते तळोज्याजवळ ट्रॅफिकमध्ये! मी तिची मान मांडीवर घेतली, दादा मागे बसला. "जोर कर गो माझी बाय, जोर कर!" तो रडत होता, आये! तुझा दगडासारखा राकेश!

मग एक मोठी कळ आली. नाक दिसलं, कपाळ दिसलं आणि सुळकन अख्खं वासरू दादाच्या मांडीवर! तांबूस, नाजूक, मोठ्या डोळ्यांचं. जर्सीचंच! डॉक्टर पोचले तेव्हा तांबू उभी राहून लेकीला चाटत होती. "मी आता नुसता चहा पिऊ का?" ते हसून म्हणाले.

दादाने तशाच चिकट हाताने माझं डोकं कुरवाळलं. "बराबर गाय आनलीस गो बाय."

तू असतीस तर? "येवरीशीच?" म्हणून नाक मुरडलं असतंस आणि दिवसभर तिच्याजवळून हलली नसतीस. खरं ना?

आये, शब्द देते. ही कालवड मी विकणार नाही. ती माजावर येईल तेव्हा तिच्या अंगाला झेपेल असंच रेतन निवडीन, आधी दहा वेळा विचारून. आणि तांबूचं दूध आधी लेकीच्या पोटात, मग गिऱ्हाइकाच्या किटलीत. सीवूड्सच्या सोसायट्यांनी कितीही फोन केले, तरी!

तुझ्याशी भांडायला आसुसलेली,
तुझीच वैशू